दारू बंद झाल्यावरचे तीन दिवस

अमेरिकेत फेंटानिलच्या अतिमात्रेने माणसे मरू लागली, तेव्हा पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, अगदी वाचनालयातले कर्मचारीही नॅलोक्सोनचा फवारा जवळ ठेवू लागले. वेळेवर नाकात मारला, तर मंदावलेला श्वास काही मिनिटांत परतू शकतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत घरे मोडते ती दारू, आणि दारूवर असा उतारा नाही. इथे आधी धावून जाते ती गावातली बाई. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी आली ती लोकांच्या चळवळीतून. चंद्रपुरातही बायांनी मोर्चे काढून ती 2015 मध्ये मिळवली. 2021 मध्ये ती उठवली गेली, याचे मला आजही दुःख आहे. गडचिरोलीत मात्र ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानातल्या गावसंघटना जंगलात, नाल्याकाठी शिरून चोरून दारू गाळण्यासाठी आंबवलेला मोहाचा सडवा शोधतात आणि ओतून देतात. विक्रेता गावातलाच, कधी नात्यातला. त्याच्याशी वैर पत्करून या बाया उभ्या राहतात.

पण सडवा ओतला, की पुढचे दोन-तीन दिवस फार जपण्याचे असतात. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. एखाद्याला झटके येतात. एखादा नसलेल्या माणसांशी बोलू लागतो. घरच्यांना वाटते, बाहेरची बाधा झाली. मग पुजारी, अंगारा, आणि यात वेळ जातो. ही बाधा नव्हे, दारू तुटल्याचा आजार आहे. यावर औषध आहे, पण उपचाराविना जीवही जातो. असे दिसताच 108 ला फोन लावा.

आणि कुणी पिऊन बेशुद्ध पडला असेल, तर ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात पाणी, लिंबू, काही घालू नका. श्वास संथ किंवा घरघरता वाटला, अंग गार पडले, तर दवाखाना गाठा.

हे सगळे आशाताईला आणि गावसंघटनेच्या प्रत्येक बाईला शिकवायला प्राथमिक आरोग्य केंद्रातली एक दुपार पुरेल. सडवा ओतायला पोलीस सोबत येतात, तसे त्यानंतरच्या तीन दिवसांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्या गावात रोज पिणाऱ्यांच्या घरी जायला हवे. येत्या ग्रामसभेत ही मागणी ठरावात लिहून घ्या.