रक्ताच्या अहवालातील एक गुणोत्तर
(वार्षिक सभेतील निवेदन)



आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि एका आकड्यासंबंधी आमच्याकडून झालेली चूक आपणांपुढे मांडणे आवश्यक वाटते.

गतवर्षी चाकणच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा एक तरुण वडिलांचा सीबीसी रिपोर्ट घेऊन आमच्या कक्षात आला. वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग, शस्त्रक्रिया ठरलेली. रिपोर्टाच्या तळाशी न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर सहा असे छापले होते. "साहेब, पाचाच्या वर आलंय. मग खर्च कशाला? आम्ही घरी नेतो."

हे गुणोत्तर आमच्याच प्रयोगशाळेने, स्पष्टीकरणाची एकही ओळ न देता, छापण्यास प्रारंभ केला होता.

शल्यचिकित्सकांनी त्यास जे समजावले ते असे. न्यूट्रोफिल दाह वा जंतुसंसर्ग होताच वाढतात. लिम्फोसाइटांपैकी काही पेशी कर्करोगाच्या पेशी ओळखून मारतात. शस्त्रक्रियेपूर्वी हे गुणोत्तर अधिक असलेल्या रुग्णांचे आयुर्मान सरासरीने कमी आढळते, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. परंतु सरासरी म्हणजे एका माणसाचे भविष्य नव्हे. त्या आठवड्यात वडिलांना मूत्रमार्गाचा संसर्ग होता. तेवढ्यानेही आकडा चढतो. आमच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंदातील चालू गुणोत्तर पाहून पेढी बुडणार असे कोणी जाहीर करीत नाही. शिवाय गाठीत शिरलेल्या पेशी फार बोलक्या असतात, हे पॅरिसच्या जेरोम गॅलों यांच्या गटाने २००६ साली दाखविले.

शस्त्रक्रिया झाली. ते गृहस्थ आता नियमित तपासणीस येतात. सदर गुणोत्तराखाली आता खुलाशाची मराठी ओळ छापली जाते.

टाटा रुग्णालय व मुंबईच्या आयआयटीतून साकारलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या पेशी-उपचाराविषयीही पुष्कळ विचारणा होते. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी घेऊन केला जाणारा तो उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, आतड्याच्या नव्हे.

खरी गोष्ट निराळीच आहे. आजार आतड्यापुरता असताना सापडला तर अमेरिकेतील नोंदींनुसार सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षे पार करतात. दूरवर पसरल्यावर सुमारे १५ टक्के. आणि आपल्याकडे शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध म्हणून महिनोन् महिने चूर्ण घेतले जाते. चऱ्होली ते भोसरी रस्त्यालगतच्या पाट्या आपण पाहताच.

म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बीण तपासणी, गुरुवारी सवलतीत करण्याचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. आदल्या रात्री जुलाबाचे औषध घ्यावे लागत असल्याने बुधवारची रात्रपाळी मात्र बुडते. त्या मजुरीची भरपाई देणगी निधीतून करता येईल काय, याचा निर्णय आज सभेने करावा, ही विनंती.