अमुक भागिले साडेनऊशे : ‘लिमिटेड एडिशन’मध्ये नक्की मर्यादित काय असतं?

आजचा भाग एका मेलवरून सुचला. न्यू जर्सीच्या एका ताईंचा मेल आहे. नाव सांगू नका म्हणाल्यात, म्हणून ताईच म्हणते. गेल्या वर्षी ताई आणि त्यांचे यजमान क्रूझवर गेले होते. तिथे संध्याकाळी चित्रांचा लिलाव होता. वातावरण मस्त, हातात फुकटचा ग्लास, आणि त्यांनी एका अमेरिकन चित्रकाराचं ‘लिमिटेड एडिशन’ घेतलं, 1,800 डॉलरला. खाली पेन्सिलने आकडा आहे : 214/950. आता त्याच विक्रेत्याचा फोन येतोय, की याच चित्रकाराचं दुसरं काम आलंय, कॅनव्हासवर, ‘हाताने सजवलेलं’, 6,500 डॉलर, हप्त्यांची सोय आहे, महिनाअखेरपर्यंत कळवा. मुलगा पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार. ताईंचा प्रश्न एका ओळीचा आहे : याची किंमत वाढेल ना?

उत्तर आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला लागायला नको. बहुतेक नाही वाढणार. आणि दुसरं काम गुंतवणूक म्हणून अजिबात घेऊ नका. पण ‘का’ हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात त्या 950 या आकड्याची सगळी गंमत आहे.

छापाचित्र आपल्याला नवीन नाही. शिळाछाप पोथ्या आजोबांच्या कपाटात असायच्या, त्या शिळाछापालाच इंग्रजीत लिथोग्राफ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी, बव्हेरियात झेनेफेल्डर नावाच्या माणसाने ही युक्ती काढली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई लावायची. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे शाई फक्त रेघेवर बसते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देवदेवतांच्या तसबिरी याच जातकुळीतल्या. त्या लक्ष्मीच्या तसबिरीवर कुणी ‘214/950’ लिहिलेलं पाहिलंय? नाही. उलट जितक्या जास्त घरात जाईल तितकं बरं, असा तो धंदा होता.

मग आकडा आला कुठून? एचिंगमधून, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरच्या छापातून. पत्रा प्रेसखालून जाताना दर वेळी थोडा झिजतो. ड्रायपॉइंटमध्ये तर सुईने उचकटलेली तांब्याची बारीक कड शाई धरते, आणि ती कड काही डझन प्रतींत चेपून जाते. म्हणजे पहिल्या प्रती खरोखरच चांगल्या, नंतरच्या फिकट. तिथे मर्यादा पत्र्याचीच होती. पुढे एकोणिसाव्या शतकात तांब्यावर पोलादाचा पातळ थर चढवायचं तंत्र आलं आणि पत्रा हजारो प्रती सोसू लागला. नेमकं त्याच शतकाच्या उत्तरार्धात व्हिसलरसारखे चित्रकार छापावर पेन्सिलने सही करू लागले, मोजक्याच प्रती काढायची पद्धत रुजली.

लक्षात आलं का? पत्र्याची मर्यादा संपली आणि माणसाने ठरवलेली मर्यादा सुरू झाली. तेव्हापासून तो आकडा म्हणजे एक वचन आहे : इतक्याच काढल्यात, आणखी काढणार नाही. वचन कुणी दिलंय, ते मोडलं तर पकडता येईल का, हे बघायचं. आकडा छोटा की मोठा हे त्यानंतर.

आणि या वचनाला पळवाटा भरपूर. 950 च्या बाहेर ‘ए.पी.’ लिहिलेल्या प्रती असतात, म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्या. साधारण दहा टक्के असाव्यात असा रिवाज, पण रिवाजच तो. मग तेच चित्र कॅनव्हासवर वेगळी आवृत्ती, छोट्या आकारात आणखी वेगळी. प्रत्येकीचा आकडा निराळा, प्रत्येक ‘मर्यादित’. ताई, तुमच्या चित्राच्या सगळ्या आवृत्त्या मिळून किती प्रती आहेत, हे त्या विक्रेत्याला लेखी विचारा. उत्तर काय येतं यापेक्षा येतं की नाही ते बघा.

‘जिक्ले’ हा शब्द तुमच्या पावतीवर असणार. फ्रेंच वाटतो, आहेही, पण छपाईच्या संदर्भात तो 1991 मध्ये कॅलिफोर्नियात रूढ केला गेला. अर्थ : इंकजेट प्रिंट. ‘इंकजेट’ म्हटलं की ऑफिसातला प्रिंटर आठवतो, म्हणून. इंकजेट वाईट नसतो हं. डेव्हिड हॉकनीने आयपॅडवर यॉर्कशायरचा वसंत काढला आणि त्याच्या मोजक्या प्रती इंकजेटवरच छापल्या. पण तिथे छाप हीच मूळ कलाकृती. तुमच्याकडे आहे तो तैलचित्राचा फोटो काढून छापलेला कागद. मूळ चित्र दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि लिलावात नेमका हाच घाईने उरकतात. ‘हाताने सजवलेलं’ म्हणजे छापावर वरून रंगाचे चार फटकारे, तेही बरेचदा चित्रकाराच्या हातचे नसतात. कुणाचे, हेही विचारा.

सहीचंही तसंच. 1974 मध्ये फ्रेंच सीमेवर एका गाडीत साल्वादोर दालीच्या सहीचे हजारो कोरे कागद सापडले. सही खरी, चित्र पुढे कुणीही छापावं! म्हणून आजही दालीच्या उत्तरकाळातल्या छापांकडे जाणकार हात आखडून बघतात.

अँडी वॉरहॉलचा किस्सा त्याहून मजेदार. 1967 मध्ये त्याने मर्लिन मन्रोचे दहा स्क्रीनप्रिंट काढले, प्रत्येकी 250 प्रती. काही वर्षांत ‘संडे बी मॉर्निंग’ या नावाने तशाच मर्लिन बाजारात आल्या, मागे शिक्का : सही तुमची तुम्हीच करा. वॉरहॉलसमोर त्यातल्या काही आल्या तेव्हा त्याने लिहून दिलं, ‘हे माझं नाही’, आणि खाली सही केली, अँडी वॉरहॉल. आता ते कागदच लोक शोधत असतात. असो.

मग विश्वास कुणावर ठेवायचा? अमेरिकेत छापाचित्रांचे नावाजलेले कारखाने आहेत. लाँग आयलंडवरचा यूएलएई 1957 चा, टॅमरिंड 1960 चा, क्राउन पॉइंट 1962 चा, लॉस एंजेलिसचा जेमिनी 1966 चा. तिथे चित्रकार स्वतः दगडावर, पत्र्यावर काम करतो, शेजारी मुरलेला छपाईगार. कागदाच्या कोपऱ्यात कारखान्याचा ठसा उमटवतात, बरेचदा बिनशाईचा, बोटाने चाचपडून कळतो. नोंदी राहतात. जेमिनीच्या कामांची सूची तर वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने ऑनलाइन ठेवलीय, घरबसल्या ताडून बघा. (याच जेमिनीची मंडळी 1975 मध्ये रॉशेनबर्गबरोबर अहमदाबादला आली होती, गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात काम करायला. त्यावर एक वेगळा भाग करायचाय.) विक्रेत्याने स्वतःच दिलेलं ‘अस्सलपणाचं प्रमाणपत्र’ मात्र स्वतःच लिहिलेल्या चारित्र्याच्या दाखल्यासारखं. कॅलिफोर्नियात 1971 पासून कायदा आहे, न्यूयॉर्कमध्येही आहे : तंत्र कोणतं, प्रती किती, हे विक्रेत्याने लेखी द्यायचं. भर समुद्रात कोणत्या राज्याचा कायदा लागू, हा वेगळाच वाद.

आता म्हणाल, म्हणजे साध्या पगारदाराने चित्रं घेऊच नयेत की काय? तर हर्ब आणि डोरोथी व्होगेल यांची गोष्ट ऐका. न्यूयॉर्कचं जोडपं. तो टपाल खात्यात रात्रपाळीला पत्रं निवडायचा, ती ब्रुकलिनच्या ग्रंथालयात. 1962 मध्ये लग्न. तिच्या पगारात घर चालायचं, त्याच्या पगारात चित्रं. दोनच अटी : परवडलं पाहिजे, आणि त्यांच्या एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात मावलं पाहिजे. लिलावात नाही, थेट चित्रकाराच्या स्टुडिओत जायचे, तासन्‌तास बघायचे, बहुतेक छोटी रेखाटनं घ्यायचे. सोल लेविट, रिचर्ड टटल, तेव्हा ज्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं असे. हप्ते त्यांनीही भरले, ताई, पण ते चित्रकाराच्या हातात. क्रिस्तो आणि जीन-क्लोद यांची मांजर सांभाळली, त्या बदल्यात एक चित्र मिळवलं!

पलंगाखाली, भिंतींवर, छतापर्यंत चार हजारांहून जास्त कामं जमली. त्यांनी एकही विकलं नाही. 1992 मध्ये संग्रह नॅशनल गॅलरीकडे देण्याचं ठरलं, कारण तिथे प्रवेश फुकट असतो. पुढे 2008 मध्ये अमेरिकेच्या पन्नास राज्यांतल्या एकेका संग्रहालयाला पन्नास-पन्नास कामं द्यायची योजना जाहीर झाली. तुमच्या राज्यातही त्यातली असणार, शोधा.

तेव्हा ताई, विक्रेत्याला ‘नको’ कळवा. घरातल्या चित्राचं काय? चांगलं भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. सगळीकडे बारीक रंगीत ठिपके फवारल्यासारखे दिसले तर इंकजेट. एचिंग असेल तर पत्र्याची दबलेली चौकट कागदात दिसते. आवडतं ना चित्र? मग लावा बिनधास्त. समोर थेट ऊन नको, फ्रेमवाल्याला आम्लविरहित माउंट सांगा, काच चित्राला चिकटू देऊ नका. आणि 6,500 कॉलेजच्या खात्यात राहू द्या. त्यातले शंभर-दोनशे खर्च करावेसे वाटलेच, तर एखाद्या छापखान्याच्या किंवा कला महाविद्यालयाच्या वार्षिक विक्रीला जा, ज्याने काढलंय तो समोर उभा असतो, त्यालाच विचारा, कसं काढलंस, किती काढल्यास, पत्रा कुठाय.