इन्फ्लुएन्झा आणि आपला गणेशोत्सव

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भनपुरी येथे दिलेले भाषण)



वैद्यकीय विषयावर बोलण्यास आम्हांस पाचारण झाले, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही केवळ बी. ए.; उभे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. तथापि हा विषय एकट्या डॉक्टरांचा नव्हे. फ्ल्यूचा रोगी दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी दोन दिवस घरात, कचेरीत आणि मंडळात वावरलेला असतो. त्या दोन दिवसांचा कारभार आपल्याच हाती असतो.

‘मानमोडी’ हा शब्द आपल्यापैकी ज्येष्ठांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाचे हे मराठी नाव. त्या वर्षी १० जून रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले; त्यांतील एक गोदीवर पहाऱ्याला होता. ती लाट ओसरली, पण सप्टेंबरात दुसरी उसळली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावली. आगगाडीबरोबर साथ देशाच्या अंतर्भागात शिरली. नागपूर राजधानी असलेला मध्यप्रांत व वऱ्हाड, ज्यात आपले रायपूरही होते, तो सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. पाऊस हुकलेला, धान्य महागलेले, आणि घरातील कर्ती तरुण माणसेच पटापट जात होती. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे मुख्य कारण हीच साथ होय.

इतकी जुनी गोष्ट उकरून काढण्याचे कारण एवढेच, की ‘साधा फ्ल्यू’ म्हणून आपण ज्यास हिणवतो तो याच कुळातला आहे. हा विषाणू दरवर्षी आपले बाह्यरूप थोडे थोडे बदलतो. म्हणून गतवर्षी येऊन गेलेला फ्ल्यू यंदा पुन्हा गाठू शकतो. क्वचित तो अगदीच नवा वेष घेतो, तेव्हा जगभर साथ पसरते. २००९ साली ‘स्वाइन फ्ल्यू’ आला तेव्हा देशातील पहिला मृत्यू पुण्यात, ३ ऑगस्ट रोजी, एका शाळकरी मुलीचा झाला. पुण्यातील शाळा बंद पडल्या, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला गणेश चतुर्थी होती. तोच एच १ एन १ विषाणू आज नेहमीच्या हंगामी फ्ल्यूत सामील झाला आहे. त्याचा माग काढणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यातच आहे. १९५२ पासून ही संस्था मराठी मुलुखात आहे, याचा आपणांस अभिमान असावा.

आपल्या देशात फ्ल्यू साधारणतः दोनदा डोके वर काढतो: एकदा जानेवारी ते मार्च, आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात. म्हणजे ऐन श्रावण-भाद्रपदात, जेव्हा आपण दाटीवाटीने आरतीला उभे असतो!

पडसे हळूहळू येते. फ्ल्यू अंगावर कोसळतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस सायंकाळी थंडी वाजून, अंग मोडून, डोके धरून अंथरुणाला खिळतो. भनपुरीत एक निराळीच अडचण आहे. कोणी खोकू लागला की आपण कारखान्यांच्या धुरावर आणि धुळीवर खापर फोडून मोकळे होतो. धूळ खोकला आणील, परंतु १०२ अंश ताप आणणार नाही.

बहुतेकांना विश्रांती, भरपूर पाणी, पेज आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढे पुरते. आले व गवती चहाचा काढा खुशाल घ्यावा. घशाला बरे वाटते, विषाणू मात्र त्याने मरत नाही. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. औषधाच्या दुकानातून ‘पाच दिवसांचा कोर्स’ मागून आणण्याची आपली खोड तर अगदी सोडावी. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, ती जीवाणूंसाठी. १९१८ मध्ये असंख्य रोगी फ्ल्यूपाठोपाठ झालेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने गेले, आणि त्या काळी प्रतिजैविके नव्हतीच. आज ती आहेत. त्यांची धार फुकट बोथट करू नये.

फ्ल्यूवर ओसेल्टामिविर नावाचे औषध आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास गुण अधिक. वृद्ध, गर्भवती, पाच वर्षांखालील मुले, मधुमेही, दमेकरी व हृदयरोगी यांनी म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नये. श्वास लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, बोलण्यात असंबद्धता, मुलाने पाणी न पिणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा उसळणे, यांतील काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. गावाकडे काका-काकूंना फोनवर विचारीत बसण्याची ती वेळ नव्हे. आपण घरापासून दूर आहोत. रात्री गाडी काढणारा शेजारी कोण, हे आधीच ठरवून ठेवावे.

आता थोडे कटू. ताप असूनही ‘बाप्पाची आरती चुकायला नको’ म्हणून येणाऱ्या भक्ताचे आपल्याकडे कौतुक होते. आम्हांस ते मान्य नाही. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस रोगी संसर्ग देऊ शकतो, आणि मागच्या खुर्चीवर कोणाचे तरी ऐंशी वर्षांचे वडील बसलेले असतात. औषधाविना ताप उतरून २४ तास झाल्याखेरीज सभागृहात येऊ नये. प्रसाद घरपोच करावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि प्रसाद वाटणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत. आम्हां सरकारी नोकरांस आजारपणाची रजा मिळते. घरी भांडी घासणाऱ्या बाईला आणि पाळीवरच्या मजुराला मिळत नाही. ती बाई तापाने फणफणत आली तर तिला पगार न कापता परत पाठवावे.

राहता राहिली लस. सहा महिन्यांवरील कोणासही ती घेता येते. विषाणू बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि तिचा परिणाम दिसण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. लसीने फ्ल्यू होतो हा समज खोटा आहे. फ्ल्यू मुळीच होणार नाही अशी हमी ती देत नाही, पण आजार बळावण्याचा धोका कमी करते. पावसाळ्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत, ती टोचून घेणे आपल्याकडे सोयीचे. मंडळाने त्या सुमारास एका डॉक्टरांना बोलावून साठीपुढील सभासदांसाठी लसीकरणाचा दिवस ठेवावा, असा प्रस्ताव आम्ही आज मांडीत आहोत. ज्यांच्या घरी आई-वडील राहतात त्यांनी त्यांची नावे व वये जाण्यापूर्वी चिटणीसांकडे लिहून द्यावीत; वही दाराजवळच्या टेबलावर ठेविली आहे.