न बोलणाऱ्या मुलाचे बोलणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी भरलेल्या भगिनी-संमेलनात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावे असे चालक भगिनींनी सुचविले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे एखाद्या सणाची किंवा पाककृतीची माहिती सांगेन, असे त्यांना वाटले असेल. मलाही तेच सोपे होते. परंतु गेली चार वर्षे एक गोष्ट मनात ठेवून मी या सभागृहात येते आणि तशीच परत जाते. ती आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले आणि आता एका नातवाची आजी आहे, एवढाच माझा अधिकार.

तो नातू स्वमग्न आहे. डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात, ते. त्याचे नाव मी सांगणार नाही. तुमच्यापैकी पुष्कळजणींना ते ठाऊक आहे. पण हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे, आणि आपले नाव असे छापलेले त्याला मोठेपणी आवडेल की नाही, हे आज त्याला विचारता येत नाही.

प्रथम माझ्या हातून घडलेली चूक सांगते. आदल्या वर्षी राहून गेले म्हणून तो अडीच वर्षांचा असताना संक्रांतीला आम्ही त्याचे बोरन्हाण केले. काळा झबला शिवला, हलव्याचे दागिने आणले, तुम्हां सर्वांना बोलावले. पाटावर बसवून मी त्याच्या डोक्यावर बोरे-चुरमुऱ्यांची पहिली ओंजळ ओतली मात्र, त्याने असा टाहो फोडला की हातातले ताम्हन खाली ठेवावे लागले. त्याने गळ्यातला हार ओरबाडून काढला आणि तो जमिनीवर डोके आपटू लागला. बोरे वेचायला धावलेल्या मुलांच्या गलक्याने तो अधिकच बिथरला. सुनेने त्याला उचलून आत नेले आणि दार लावून घेतले. बाहेर कुजबुज सुरू झाली. तेव्हा कुणीतरी म्हणाले, "आई दिवसभर नोकरीला, मूल असे हट्टी व्हायचेच." हे वाक्य कोण बोलले याचा शोध घेण्याचे कारण नाही. ते मी बोलले. आणि आमच्या घरातली दारे काही जाड नाहीत.

त्या दिवसापासून माझी सून मंडळात आली नाही. हळदीकुंकू नाही, भोंडला नाही, कोजागिरी नाही. पहिल्या वर्षी तुम्ही विचारलेत, दुसऱ्या वर्षी विचारणेही थांबले. मी तुम्हांला दोष देत नाही. मीच "तिला वेळ नसतो" असे सांगत होते.

पुढे आठ महिन्यांनी निदान झाले. खुणा आधीपासून होत्या. नावाने हाक मारली तर तो मान वळवीत नसे. आम्ही कानांची तपासणीही करून घेतली. कान उत्तम होते, कारण दोन खोल्यांपलीकडे बिस्किटाचा कागद वाजला की तो धावत येई. काही आवडले तर "ते बघ" म्हणून बोट दाखवीत नसे. भातुकलीतला भात शिजवीत नसे. सगळी झाकणे एका रांगेत लावून एकेक फिरवीत बसे. कुकरची शिट्टी झाली की किंचाळे. बोरन्हाणाच्या दिवशी हलव्याचे काटे त्याला टोचत होते, अंगावर पडणारे प्रत्येक बोर त्याला मारल्यासारखे वाटत होते. तो हट्ट करीत नव्हता, तो सांगत होता. सांगण्याची त्याची रीत मात्र आम्हांला ठाऊक नव्हती.

माझे ते वाक्य मी वाचन करू लागले तेव्हा फार जुने निघाले. 1943 साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांची हकीगत लिहून या अवस्थेकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. त्यानंतरची वीसेक वर्षे मोठमोठे डॉक्टर म्हणत राहिले की आईच्या हृदयात ऊब नाही, म्हणून मूल असे होते. अशा आयांना चक्क रेफ्रिजरेटरची उपमा दिली गेली. किती बायकांनी तो डाग जन्मभर वागविला असेल! 1964 साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने एक ग्रंथ लिहून हे मत खोडून काढले. तो स्वतः अशा एका मुलाचा बाप होता. 1977 साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या 21 जोड्या अभ्यासल्या आणि याचे मूळ मोठ्या अंशी आनुवंशिक आहे, हे दाखविले. आईची नोकरी, आईचा राग, आईचे लाड यांपैकी कशानेही मूल स्वमग्न होत नाही. लसीनेही होत नाही. तसे सुचविणारा 1998 सालचा लेख ज्या वैद्यकीय नियतकालिकाने छापला, त्यानेच तो 2010 साली मागे घेतला. शास्त्रज्ञांनी टाकून दिलेली चूक आम्ही सासवा मात्र अजून पदराला बांधून हिंडतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. "बोलतो का हो आता?" हा प्रश्न मला जिन्यात, भाजीबाजारात, देवळात सगळीकडे विचारला जातो. प्रश्नात माया असते, हे मी जाणते. पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

आमचा मुलगा चार वर्षांचा होईतो काही हवे असले की माझे मनगट धरून मला फडताळापाशी नेई आणि माझा हात डब्यावर ठेवी. मला वाईट वाटे. वाटे, हा आजीला माणूस समजत नाही, हाताची सांडशी करून घेतो. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मला समजावले की हीच त्याची मागणी आहे. तो माझ्याकडे येतो आहे, हे मी आधी पाहावे. पुढे तो शब्द बोलू लागला, पण ते दुसऱ्याचे. तहान लागली की "पाणी हवंय का तुला?" असे आपल्यालाच विचारी, कारण पाणी येण्यापूर्वी त्याने तेच ऐकलेले होते. रेल्वे स्थानकावरची "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" ही घोषणा त्याला फार आवडते. ती तो चपलांपाशी उभा राहून म्हणाला, तर त्याचा अर्थ "बाहेर जाऊ या". घरात पाहुण्यांची गर्दी झाली असता म्हणाला, तरी अर्थ तोच, "मला इथून न्या". ऐकणाऱ्यांना हसू येते. आम्ही चपला घालतो.

उपचार म्हणून आम्हांला जे शिकविले, ते ऐकून मी प्रथम निराश झाले होते, इतके ते साधे होते. मुलासमोर जमिनीवर बसावे. त्याने आपल्याकडे पाहावे असा आग्रह न धरता, तो जे पाहतो आहे ते आपण पाहावे. थोडके बोलावे. आणि मग थांबावे. मनात दहा अंक मोजावे. शिक्षिकेला थांबणे किती कठीण! मी तीन दिवस त्याच्याशेजारी बसून नुसती झाकणे फिरविली. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या झाकणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. चौथ्या दिवशी त्याने एक झाकण उचलून माझ्या हातात ठेवले. भगिनींनो, तीस वर्षांत माझ्या हातात पुष्कळ पाट्या आणि वह्या आल्या. त्या झाकणाएवढे जड मला काही वाटले नाही.

हे घरगुती समाधान नव्हे. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या अभ्यासकांनी मिळून 65 मुलांच्या कुटुंबांत याच रीतीचा प्रयोग केला. त्याचा अहवाल 2016 साली प्रसिद्ध झाला. तेथे शिकविणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक होते. आईबाप मुलाशी कसे खेळतात याचे चित्रण करून ते त्यांनाच दाखवीत आणि कोठे थांबावे, कोठे साथ द्यावी हे समजावीत. आईबापांची मुलाच्या कलाने बोलण्याची रीत सुधारली आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. याने स्वमग्नता नाहीशी होत नाही. ती नाहीशी करणारे औषध नाही, आणि तसे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे.

आणखी एक प्रयोग तुम्हांला आवडेल, कारण तो आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा आहे. 2020 साली ब्रिटनमधील अभ्यासकांनी स्वमग्न प्रौढांची एक रांग आणि इतरांची एक रांग करून, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी एक गोष्ट सांगावयास लावली. स्वमग्न माणसांच्या रांगेत गोष्ट इतरांपेक्षा अधिक गळली नाही. म्हणजे त्यांना सांगता येत नाही, असे नव्हे. सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची रीत निराळी असली की दोघांनाही अडचण पडते. मग सगळे शिकणे त्या लहान मुलानेच का करावे? अर्धी वाट आपण चालावयास नको काय?

आता घराविषयी. तो रात्री दोन-तीनला जागा होई आणि पहाटेपर्यंत झोपत नसे. त्याच्याबरोबर सून जागी. दुपारच्या उपचारांसाठी तिने नोकरी सोडली. मुलगा उशिरापर्यंत कचेरीत बसू लागला. खर्च वाढला होता, हे खरे, पण घरी यायला तो भीत होता, हेही खरे. मोठी नात अकरा वर्षांची. तिने मैत्रिणींना घरी आणणे बंद केले. एके रात्री तिने मला विचारले, "आजी, मी नीट बोलते म्हणून माझ्याशी कुणी बोलत नाही का?" मला उत्तर सुचले नाही. बोलता येणारी आम्ही चार माणसे एका घरात राहून गप्प होतो, आणि ज्याला बोलता येत नाही म्हणून आम्ही रडत होतो, तोच एकटा दिवसभर काही ना काही सांगत होता.

त्या रात्रीनंतर आम्ही काही नियम केले. रोज जेवणानंतर अर्धा तास मुलगा फक्त नातीचा. आठवड्यातून दोन संध्याकाळी नातू माझ्याकडे, आणि सुनेने बाहेर जावयाचे. कोठे, हे कुणी विचारावयाचे नाही. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावला, म्हणजे आता काय होणार हे त्याला आधी कळते. कुकरची शिट्टी होण्यापूर्वी आम्ही सांगतो, तो आपणच कानांवर हात ठेवतो. घर सुरळीत झाले असे म्हणणार नाही. पण घर पुन्हा बोलू लागले.

तुमच्याकडे माझे मागणे थोडे आहे. शंभर-सव्वाशे मुलांमागे एखादे मूल असे असते, असा जगाचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या वसाहतीत आमचे घर एकटे नाही. दीड-दोन वर्षांचे मूल नावाला ओ देत नसेल, बोट दाखवीत नसेल, तर "याचे वडीलही उशिराच बोलले" असे म्हणून त्या तरुण आईची समजूत घालू नका. तिच्याबरोबर बालरोगतज्ज्ञाकडे जा. निदान झाले तर सरकारी प्रमाणपत्र काढण्यास मदत करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 अवस्था आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. उपदेशाऐवजी एक तास द्या. आणि बोलावणे थांबवू नका. ती माणसे दहा मिनिटांत उठून जातील, मूल तिळगूळ घेणार नाही, नमस्कार करणार नाही, तरी बोलवा. भोंडल्याच्या दिवशी ध्वनिक्षेपक थोडा हळू ठेवलात, तर गाणी काही कमी गोड होणार नाहीत.

बोरन्हाण पाचव्या वर्षापर्यंत करतात. त्याला पाच पूर्ण होण्यापूर्वीच्या संक्रांतीला आम्ही ते पुन्हा केले. पाहुणे नाहीत, हलवा नाही. परातीत चुरमुरे घेतले आणि वाटी त्याच्याच हातात दिली. त्याने ती वर धरून उपडी केली, पुन्हा भरली, पुन्हा उपडी केली. परातीत पडणाऱ्या चुरमुऱ्यांचा आवाज ऐकत तो अर्धा तास हसत होता. शेवटी एक वाटी त्याने आपण होऊन माझ्या डोक्यावर ओतली. त्या वर्षी आमच्या घरात बोरन्हाण आजीचे झाले.

माझी सून आज येथे आली आहे. दाराजवळच्या खुर्चीवर बसली आहे, कारण तिला लवकर उठावे लागेल. चार वर्षांपूर्वी जे वाक्य मी तुमच्यासमोर बोलले, ते तुमच्यासमोरच परत घेते. मुली, चूक माझी होती. घरात हे मी तुला सांगितले आहे, पण दोष चारचौघींत दिला होता, म्हणून माफीही चारचौघींत मागितली पाहिजे.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाचे बोलावणे तिला तुम्ही द्या. मी "तिला वेळ नसतो" असे सांगणार नाही.