रिपोर्ट नॉर्मल, मग पोट का दुखतं?

श्रोतेहो, सोनोग्राफी नॉर्मल, स्कोपी नॉर्मल. मग ठरलेलं वाक्य येतं, "टेन्शन घेऊ नका, सगळं मनाचं आहे." आयबीएसच्या, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या, पेशंटला हे ऐकवणाऱ्यांवर माझा राग आहे. त्यात आमची डॉक्टरमंडळी आली, घरातली वडीलधारी माणसंही आली.

अहो, ताण मनात असेल, दुखणं आतड्यात आहे! आतड्याच्या अस्तरात प्रतिकारशक्तीच्या मास्ट पेशी असतात. सोसायटीच्या गेटवरचे वॉचमनच म्हणा ना. ताण आला की शरीरात सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं, ते या वॉचमनला डिवचतं आणि तो शिट्टी फुंकतो. शिट्टी म्हणजे हिस्टामिन, ट्रिप्टेज ही रसायनं. शेजारचे मज्जातंतू त्यानं चाळवतात. मज्जातंतूंना खेटून असलेल्या मास्ट पेशी जितक्या जास्त, तितकं दुखणं जास्त, हे इटलीत बोलोन्याच्या संशोधकांना 2004 मध्ये दिसलं. स्कोपीच्या कॅमेऱ्याला भिंत दिसते. शिट्टी कशी दिसणार?

बेल्जियममध्ये लुव्हेनला तर निरोगी माणसांना चक्क भाषण करायला लावलं. (इथं माइकसमोर बसल्यावर मला त्यांची कीव येते.) ज्यांचं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलं, त्यांच्या लहान आतड्याचं अस्तर जास्त झिरपू लागलं. मास्ट पेशींना आवरणारं औषध आधी दिलं, तेव्हा मात्र झिरपणं वाढलं नाही. नुसतं मनाचं असतं, तर या औषधानं थांबलं असतं का?

आणि जुलाबाची साथ येऊन गेल्यावर वर्षभर पोट धरून बसणारे? तिथं गेटवर खरोखरच चोरी झालेली असते. त्या रात्री दूधवालाही (म्हणजे तेव्हा पोटात असलेलं अन्न) गेटपाशी होता, म्हणून वॉचमन पुढं रोज दूधवाल्यावरच शिट्टी मारतो. लुव्हेनच्याच गटानं 2021 मध्ये 12 आयबीएस रुग्णांच्या आतड्यात दूध, गहू, सोया यांचे अंश टोचून पाहिले. प्रत्येकाच्या अस्तराला कशानं ना कशानं सूज आली. रक्ताच्या तपासणीत ही अ‍ॅलर्जी सापडत नाही. म्हणून पुन्हा सांगते, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आतडं नॉर्मल असं नव्हे.

पण शौचातून रक्त, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांवर "टेन्शनमुळे असेल" म्हणून घरी बसलात, तर मी तुम्हालाही रागावेन. वॉचमनला शांत करणाऱ्या औषधांबद्दल बोलायचं होतं, पण काचेपलीकडून हात वर झालाय. तेवढं राहिलंच.