ब्राह्मी ओळखावी कशी?

(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



केसांचे तेल असो की मुलांना द्यायचा रस, आपल्या घरांत ब्राह्मीचे नाव नेहमी निघते. पण ब्राह्मी कोणती, असे विचारले तर दोघीजणी दोन निराळ्या वनस्पती दाखवतात, आणि दोघींचेही खोटे नसते! एकाच नावाने आपण दोन वनस्पती ओळखतो. दोन्ही तळ्याकाठी, पाटाच्या कडेला, ओलसर जमिनीवर पसरतात. म्हणून दोन्हींच्या फांद्या मी आज टेबलावर ठेवल्या आहेत.

ही पहिली जलब्राह्मी. शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. हिची पाने लहान, जाडसर, जवळजवळ बिनदेठाची व जोडीजोडीने समोरासमोर येतात. फूल पांढरे किंवा फिकट जांभळट, पाच पाकळ्यांचे, पानाच्या बगलेतून एकेकटे निघालेले.

दुसरी मंडूकपर्णी, म्हणजेच कारिवणा. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. पान गोलसर, कडेला बोथट दाते, देठ लांब. फुले इतकी बारीक की पाने बाजूला सारून शोधावी लागतात, रंग गुलाबीसर. ही आपल्या कोथिंबिरीच्या कुळातली! चरकसंहितेतील चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी आहे. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशात मात्र 'ब्राह्मी' म्हणजे जलब्राह्मी. मंडूकपर्णीची नोंद वेगळी आहे.

फसगत आणखी दोघींमुळे होते. घोळीची जाड पाने जलब्राह्मीसारखी भासतात, तर उंदीरकानीची गोल पाने मंडूकपर्णीसारखी. पण या दोघींची फुले पिवळी. तेव्हा खूणगाठ बांधा: फूल पिवळे, तर ती ब्राह्मी नव्हे. फूल नसेल आणि शंका असेल, तर फुलेपर्यंत थांबावे. चव घेऊन पारख करू नये.

ओळख पटली तरी जागा पाहावी. सांडपाण्यावर वाढलेली जलब्राह्मी कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. ते पानाच्या आत असल्यामुळे कितीही धुतले तरी जात नाहीत. त्यापेक्षा स्वच्छ मातीच्या कुंडीत एक फांदी लावावी व माती ओली ठेवावी. पेऱ्या-पेऱ्याला मुळे फुटतात.

आणि पोटात द्यायची असेल, तर वैद्यांना नुसते "ब्राह्मी देऊ का?" असे विचारू नका. "जलब्राह्मी की मंडूकपर्णी, आणि किती?" असे विचारा. औषध आपल्या लेकरांच्या पोटात जायचे आहे, एवढी चौकशी आपण करायलाच हवी.