पॉमपॉम हलवायचे पैसे किती?

आजचा विषय ऐकून काही जण हसणार, मला माहितीये. चिअरलीडर! आपल्यापैकी बहुतेकांना हा शब्द कळला आयपीएलमुळे. २००८ च्या पहिल्याच मोसमात बंगळुरूच्या टीमने थेट अमेरिकेहून वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या चिअरलीडर्स बोलावल्या होत्या. चौकार गेला की कॅमेरा त्यांच्यावर, आणि घरात कुणीतरी रिमोट शोधायला लागायचं.

तर त्या जिथून आल्या, तिथे हे काम असतं कसं, ते आज बोलू. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल हं, लांबट चेंडू हातात घेऊन पळतात तो. त्यांची मोठी लीग म्हणजे एनएफएल.

तिथे सगळ्यात गाजलेल्या म्हणजे डॅलस काउबॉइज चिअरलीडर्स. १९७२ साली या टीमने नुसत्या घोषणा देणाऱ्या पोरांऐवजी शिकलेल्या डान्सर मैदानात उतरवल्या, आणि मग बाकीच्यांनीही तेच केलं. गंमत म्हणजे इथे जागा कायमची नसते. चार वर्षं नाचलेली असलीस तरी पुढच्या वर्षी पुन्हा ऑडिशन दे! दिवसा कुणी नर्स, कुणी शिक्षिका, आणि संध्याकाळी ड्युटी संपवून प्रॅक्टिस. त्यांचा 'थंडरस्ट्रक'वरचा डान्स यूट्यूबवर बघा. शेवटी सगळ्या एकदम उडी मारतात आणि पाय दोन्हीकडे पसरून थेट जमिनीवर येतात. बघायला भारी वाटतं, पण खुब्याच्या सांध्याची वाट लागते. काहींना नंतर ऑपरेशन करावं लागलंय.

आता पैशाचं बोलू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

ओकलंड रेडर्सच्या चिअरलीडर्सना घरच्या मैदानावरच्या एका मॅचचे १२५ डॉलर मिळायचे. तेही मोसम संपल्यावर, एकदम. प्रॅक्टिसचे वेगळे पैसे नाहीत. मेकअपचा खर्च स्वतःचा. चुकीचे पॉमपॉम आणले तर वर दंड! सगळे तास धरले तर तासाला ५ डॉलरही पडत नव्हते. जानेवारी २०१४ मध्ये त्यांच्यातल्या लेसी नावाच्या मुलीने कोर्टात केस टाकली. त्याच वर्षी टीमने साडेबारा लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. लगेच २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात कायदाच झाला, की चिअरलीडर ही टीमची कर्मचारी आहे. तो विधानसभेत मांडणाऱ्या लॉरेना गोन्झालेझ स्वतः कॉलेजात चिअरलीडर होत्या.

पण सगळीकडे असं झालं नाही. बफलोमध्येही २०१४ लाच पाच जणींनी केस केली, आणि काही दिवसांतच तिथला अख्खा ग्रुपच बंद पडला. मग बाकीच्या मुली केस करणाऱ्यांवरच चिडणार ना? मला यातली खरी मेख हीच वाटते. "हा मान आहे, तुझ्या जागेसाठी बाहेर शेकडो जणी रांगेत उभ्या आहेत" असं सांगितलं की पगार विचारणारीच वाईट ठरते. आपल्याकडे नाही का, "पैसे नाहीत, पण एक्स्पोजर मिळेल"? तेच, फक्त स्टेडियम मोठं.

डॅलसमध्ये २०१८ साली एका माजी चिअरलीडरने केस केली. तिचं म्हणणं काय होतं ऐका: मला तासाला ८ डॉलर, आणि काउबॉयचा पोशाख घालून प्रेक्षकांना हसवणाऱ्या मॅस्कॉटला वर्षाला ६५ हजार! ही केस २०१९ मध्ये मिटली, थोडी वाढही झाली. पुढे नेटफ्लिक्सवर यांची मालिका आली, जगभर बघितली गेली, आणि लोक विचारायला लागले, की फोर्ब्जच्या यादीत जगातली सगळ्यात महागडी असलेली ही टीम या मुलींना देते किती? आतल्या जुन्या मुलींनीही एकत्र येऊन पगाराचा विषय लावून धरला. २०२५ मध्ये सुमारे ४०० टक्के वाढ जाहीर झाली.

त्यासाठी भांडलेल्यांपैकी काही जणी तोवर टीम सोडून गेल्या होत्या. वाढीव पगार त्यांच्या हातात पडलाच नाही.